बेकरी बंद व्हायच्या आत

गेल्या अंकात मी दोन पानं लिहिली होती: मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघी साताऱ्याच्या बायका, जूनमध्ये फ्रान्सच्या दक्षिणेतल्या सेव्हेन नावाच्या डोंगरांत आठ दिवस सायकल फिरवून आलो त्याबद्दल. संपादकांनी फोटो मोठे छापले आणि मजकूर कापला. त्यामुळे कामाच्या गोष्टी राहून गेल्या, आणि त्या तुम्ही पत्रातून विचारल्यात. सगळ्यांना जागा नाही. ज्यांची पत्रं इथं नाहीत त्यांनी रुसू नये.

ताई, युरोपात सायकल म्हटलं की आल्प्स. हा कोपरा तुम्ही कुठून शोधलात? नकाशावर सापडायलाच मला अर्धा तास लागला. — नाशिक

पॅरिसहून वेगवान गाडीनं तीन तासांत नीम. तिथून आलेसला जाणारी लहान गाडी. आलेसला उतरलं की उत्तरेकडे दिसतात ते सेव्हेनचे डोंगर. त्यांच्या पलीकडचा बराचसा मुलूख लोझेर जिल्ह्यात येतो. सगळ्या फ्रान्समध्ये सर्वांत कमी वस्तीचा जिल्हा हाच, आख्ख्या जिल्ह्यात 80 हजारसुद्धा माणसं नाहीत. आमच्या एकट्या सातारा शहरात त्याहून जास्त राहतात.

उंचीला घाबरू नका. माँ लोझेरचं फिनिएल शिखर 1,699 मीटर, माँ एग्वाल साधारण 1,565. आपली कळसूबाई 1,646, म्हणजे बरोब्बर दोघांच्या मध्ये बसते.

मला तिकडे ओढून नेलं ते आमच्या कासनं. 2012 साली पश्चिम घाटाला युनेस्कोचं वारसापण मिळालं त्यात कास आहे. तेव्हा सहज यादी चाळताना दिसलं की आदल्याच वर्षी 'कॉस आणि सेव्हेन' नावाचा एक प्रदेश यादीत आलाय, आणि कारण काय, तर मेंढपाळांनी शतकानुशतकं कळप फिरवून घडवलेली भूमी. फुलं नाहीत, वाघ नाहीत. मेंढरं! ज्या बाईनं लहानपणापासून दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे धनगरांचे वाडे पाहिलेत, तिला हे वाचून गप्प बसवेल का? कॉस म्हणजे चुनखडीचा उंच सडा. आपला जांभा, त्यांची चुनखडी. पाणी दोन्हीकडे तसंच खाली पळून जातं.

मी पुणे–गोवा दोन दिवसांत केलंय. तुमचे आठ दिवसांत 350 किलोमीटर, म्हणजे रोज 44 सुद्धा नाहीत. राग मानू नका, पण एवढ्यासाठी विमानानं जायचं? — पुणे

राग कसला. माझ्या पुतण्यानंही हेच विचारलं, फक्त तो हसला पण.

आमचा रस्ता सांगते: आलेस, आँद्यूझ, सँ-जाँ-द्यु-गार, तिथून डोंगराच्या धारेवरून फ्लोराक, मग पाँ-द-मोंव्हेर, फिनिएलची खिंड, ल ब्लेमार, माँद, तार्न नदीची घळ, वर कॉस मेजाँ, खाली मेरुएस, एग्वाल, व्हालरोग आणि परत आलेस. यात सपाट असं जवळजवळ काही नाही. पण खरं कारण ते नव्हे. तुमच्या वेगानं गेलं तर तिथं बघण्यासारखं फार थोडं आहे, आमच्या वेगानं आठ दिवस पुरले नाहीत.

एक उदाहरण देते. सँ-जाँहून फ्लोराककडे जाणारा धारेवरचा रस्ता, त्याला कॉर्निश म्हणतात, तो कुणा पर्यटन खात्यानं केलेला नाही. चौदाव्या लुईनं 1685 मध्ये प्रोटेस्टंटांना दिलेली धर्माची मोकळीक काढून घेतली. या डोंगरांतले लोक प्रोटेस्टंट. जबरदस्ती वाढत गेली आणि 1702 च्या जुलैत पाँ-द-मोंव्हेरला एका पाद्र्याचा खून होऊन बंड पेटलं. बंडखोरांना कामिसार म्हणत. मूठभर शेतकरी, मेंढपाळ, लोकर पिंजणारे. वाटा पाठ, गावं आपली, हल्ला करून रानात गडप. त्यांच्यामागे फौज आणि तोफा नेता याव्यात म्हणून राजानं डोंगरवाटा रुंद करवल्या, त्यातली ही एक. आता तारखा बघा. 1700 मध्ये आमचा अजिंक्यतारा औरंगजेबाच्या हाती पडला. 1702 मध्ये तो सह्याद्रीतल्या गडांमागं धावतोय आणि ताराराणींची माणसं त्याला धावडवताहेत. त्याच वर्षी तिकडे लुईची फौज सेव्हेनमध्ये हाच खेळ खेळतेय. एकाला दुसऱ्याची खबर नाही. हे मला कॉर्निशवर एका वळणाच्या कठड्यावर बसून केळं खाताना लक्षात आलं आणि मी जावेला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, आधी केळं संपवा."

कामिसारांचा सर्वांत गाजलेला म्होरक्या जाँ काव्हालिए. वय विशीच्या आसपास, आणि धंदा? आँद्यूझच्या बेकरीत उमेदवारी करणारा पोरगा. पुढे बेकरीचा विषय येणारच आहे म्हणून नाव लक्षात ठेवा.

माँ लोझेरभोवतीच्या काही वाड्यांमध्ये देऊळ नाही, चर्च नाही, पण दगडी कमानीत एक घंटा टांगलेली दिसते. हिमवादळात वाट चुकलेल्याला आवाजाच्या दिशेनं येता यावं म्हणून ती वाजवत. जूनच्या उन्हात त्या घंटेखाली उभं राहिलं तरी अंगावर काटा येतो. ताशी 30 नं गेलात तर ती कमान तुम्हाला गोठ्याचा भाग वाटेल.

मी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. फ्रान्सच्या खेड्यात माझं काय होईल? आणि पाणी विकतच घ्यावं लागतं का? — सांगली

तुमचं पत्र वाचून वाटलं, चला, कुणीतरी खरा प्रश्न विचारला. सगळे चढाचं विचारतात. चढ पाय चढवतात हो. बंद शटरपुढे पायांचं काही चालत नाही.

तिथलं गणित असं. बेकरी सकाळी सात-साडेसातला उघडते आणि साडेबाराच्या सुमारास बंद होते. परत उघडते साडेतीन-चारला, तेही उघडली तर. आठवड्यात एक दिवस सुट्टी, तो प्रत्येक गावाचा वेगळा. रविवारी दुपारनंतर काहीच नाही. आणि दोन बेकऱ्यांमध्ये 25–30 किलोमीटर अंतर आणि एक खिंड. वाटेत टपरी नाही, वडापाव नाही, उसाचा रस नाही, "काकू, जरा चहा टाका" म्हणायला घर नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका गावात बारा तेहतीसला पोचलो. माझ्या घड्याळात. बाई शटर खाली ओढत होती, कमरेपर्यंत आलं होतं. खालून मला फळीवर उरलेल्या दोन लांबड्या पावांची टोकं दिसत होती. मी हात जोडले. तिनं मान हलवली, अगदी गोड हसून, आणि शटर जमिनीला टेकलं. कुलपाचा आवाज अजून कानात आहे. मग आम्ही चर्चच्या पायरीवर बसून चार खजूर आणि मूठभर शेंगदाणे वाटून खाल्ले. पुढचा चढ मी कसा चढले ते विचारू नका. डोळ्यांपुढे काजवे, आणि जाऊ मागून प्रत्येक वळणावर "आलंच, आलंच" म्हणत होती. आलं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळपासून आम्ही किलोमीटर मोजणं सोडलं आणि बेकऱ्या मोजायला लागलो. रात्री मुक्कामी विचारायचं, उद्याच्या वाटेवर कुठली उघडी, किती वाजेपर्यंत. त्यावर निघायची वेळ ठरवायची. पिशवीत कायम एक पाव जादा.

आता शाकाहार. पाव, फळं, टोमॅटो, उकडलेला बटाटा आहेच. चेस्टनटचं गोड वाटण ट्यूबमध्ये मिळतं, चढावर एका हातानं तोंडात पिळता येतं. आपल्याकडे शिंगाड्यावर उपवास काढतात, तिथं डोंगराळ गावांनी चेस्टनटवर हिवाळे काढले. त्या झाडाला ते 'पावाचं झाड'च म्हणतात. माँदला आलिगो नावाचा पदार्थ खा: बटाटा, ताजं चीज, साय आणि लसूण, पुरणासारखं घोटघोट घोटलेलं. डाव वर उचलला की हातभर तार निघते. मात्र एक सांगून ठेवते. तिथल्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. तुम्हाला ते चालणार नसेल तर चीज सगळंच सोडावं लागेल आणि मग रात्रीची जेवणं अवघड. मुक्कामाला आधी कळवा, "मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही" असं एकेक शब्द लिहून. नुसतं 'शाकाहारी' लिहिलंत तर ताटात मासा येऊ शकतो. आमच्या आला.

घरून शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, चिक्की न्या. कंदी पेढे नेऊ नका. मी साताऱ्याची असून सांगतेय. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

पाणी विकत घ्यायची गरज नाही. बहुतेक गावात चौकात नळ किंवा कारंजं असतं. पाटी वाचा: 'ओ पोताब्ल' म्हणजे पिण्याचं, आणि मध्ये 'नों' दिसलं की हात लावायचा नाही. चौकात नळ नसेल तर कब्रस्तान शोधा. खरंच. फुलांना घालायला फाटकाशी नळ असतो, आणि तिथले सायकलवाले सगळे तिथंच बाटल्या भरतात. जाऊ पहिल्यांदा फाटकाबाहेरच थांबली. "वहिनी, स्मशानातलं पाणी? घरी कळलं तर?" ऊन 34 अंशांचं होतं. पाच मिनिटांनी ती आत आली, चपला काढायच्या म्हणून बूट काढले, कुठल्याशा आजोबांच्या थडग्याला नमस्कार केला आणि दोन बाटल्या भरल्या. नंतर नंतर तीच लांबून कब्रस्तान ओळखायची, भिंतीवरून डोकावणाऱ्या सुरूच्या झाडांवरून.

पसरणी घाट मी न थांबता चढतो. तिथं जमेल ना? गिअर कुठला हवा? — कराड

जमेल. पाँ-द-मोंव्हेरहून फिनिएलची खिंड म्हणजे साधारण 12 किलोमीटरमध्ये साडेसहाशे मीटरची चढाई, पसरणीच्याच घडणीची. फरक इतकाच की ट्रक नाहीत, माकडं नाहीत आणि वरच्या अर्ध्यात सावली नाही. आम्ही पुढे 34 आणि मागे 34 दात्यांच्या चक्रांवर होतो, सामान आठ किलो. तिशीतल्या माणसाला याहून जड चालेल, पण हलका गिअर नेला म्हणून कुणी पश्चात्ताप केल्याचं मी ऐकलेलं नाही. टायर 28 मिलिमीटर रुंदीचे ठीक, 32 चे उत्तम. उन्हाळ्यात ते रस्त्यावर डांबर शिंपडून वर बारीक खडी टाकतात. 'ग्राव्हियों' अशी पाटी दिसली की वेग कमी करा, वळणावर ती मोत्यांसारखी घरंगळते.

मला तुमच्या चढाची नाही, उताराची काळजी आहे. मेरुएसहून एग्वालला आम्ही पेर्ज्युरे खिंडीवरून गेलो. तिथं रस्त्याच्या कडेला एक दगड आहे, रोझे रिव्हिएरच्या नावाचा. 1960 च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत तो पिवळ्या जर्सीसाठी, म्हणजे पहिल्या नंबरासाठी, झुंजत होता. उतारावर इटलीच्या नेन्चिनीच्या मागे लागला, कठडा ओलांडून दरीत गेला, पाठीचा कणा मोडला. वय 24. परत कधी शर्यत केली नाही. आम्ही तिथं पाणी प्यायलो आणि निघण्याआधी जावेनं माझे ब्रेक पॅड बोटानं चाचपले. काही बोलली नाही.

गाडी उजवीकडून चालते हे पहिल्या दोन दिवसांत शंभरदा स्वतःला सांगा. चढावर नाही, नाश्ता करून गावातून निघताना चूक होते.

सायकल विमानानं नेली की तिथं भाड्यानं घेतली? — डोंबिवली

नेली. पुठ्ठ्याच्या खोक्यात, सायकलच्या दुकानातून फुकट मिळतं त्या. पेडल, पुढचं चाक, हँडल काढलं, फ्रेमला नळाला गुंडाळतात तो फोम लावला. तरी आलेसला खोकं उघडलं तर माझ्या सायकलचा मागचा हँगर आत वाकलेला, आणि त्या धातूच्या तुकड्याला अडकवलेला डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, आरीला टेकायला आलेला. विमान कंपनीकडे केलेला अर्ज अजून 'विचाराधीन' आहे. नशीब, मी आदल्या आठवड्यात 600 रुपयांचा जादा हँगर घेतला होता. आपल्याच फ्रेमचा, कारण प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. विमानात सायकल न्यायची तर याहून शहाणा खर्च नाही. आणि खोक्यात भरताना डिरेलर सोडवून आत बांधून ठेवा. मी ते केलं नव्हतं.

वर्तुळाकार रस्ता निवडण्याचं कारणही खोकंच. आलेसच्या हॉटेलवाल्यानं ते माळ्यावर ठेवून घेतलं, परत येताना त्यातच भरलं. वेगवान गाडीत नेताना सायकल सुटी करून 130 बाय 90 सेंटिमीटरच्या पिशवीत बसवली तर ती सामान म्हणून धरतात. जोडलेली न्यायची तर आधी जागा राखावी लागते आणि ती प्रत्येक गाडीत नसते. लहान गाड्यांत तशीच ढकलत चढवा.

दोघीच बायका, निर्मनुष्य रस्ते. भीती नाही वाटली? कुत्री? — सोलापूर

माणसांची नाही. कॉस मेजाँवर चौरस किलोमीटरला दोन माणसंही राहत नाहीत, भ्यायचं तरी कुणाला? गाड्या अंतर ठेवून जातात. गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर लांबून जायचा तिथं कायदाच आहे आणि बरेच जण पाळतात. एक म्हातारी गाडीवाली तर सबंध चढभर आमच्या मागून रांगत आली, ओलांडायला रस्ता सरळ होईपर्यंत. शेवटी आम्हीच लाजून बाजूला झालो.

त्याच सड्यावर ल व्हिलारे नावाच्या वाडीजवळ प्रझेवाल्स्कीचे घोडे आहेत, मंगोलियातले रानघोडे. तिकडे रानात ते नामशेष झाले होते. 1993 पासून त्यांना इथं पाळलं आणि पुढे काही परत मंगोलियात नेऊन सोडले. मातकट, बुटके, ताठ आयाळीचे. तारेपलीकडून एकानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या दिवसभरात आमच्याकडे पाहणारा तो एकटाच.

कुत्र्यांची गोष्ट वेगळी. भटकी नाहीत, पण लांडगे परत येऊ लागल्यापासून कळपांबरोबर मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. कळपात आलात तर ते भुंकत येणार, त्यांचं कामच ते. पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, हळू आवाजात बोलत चालत जा. मी मराठीत बोलले. "हो रे बाबा, तुझीच मेंढरं, तुझीच." चाललं.

मी कामानिमित्त स्टुटगार्टला असतो. सुट्टी सप्टेंबरअखेर आहे. जाऊ का? — स्टुटगार्टहून

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बिनघोर जा म्हटलं असतं. अखेरीला जरा जपून. उन्हाळाभर तापलेला भूमध्य समुद्र तेव्हा अजून कोमट असतो. दक्षिणेकडून ओलं वारं येतं, या डोंगरांवर आदळून वर चढतं आणि एकाच जागी तासन्‌तास कोसळतं. आपल्या घाटमाथ्यावर होतं तेच, पण आपल्याकडे चार महिन्यांत विभागून, तिथं एखाद्या दिवसात. वर्षाचं मोजलं तर एग्वालवर साधारण 2,000 मिलिमीटर, महाबळेश्वरच्या मानानं किरकोळ. पण नद्या काही तासांत चढतात आणि रस्ते खोऱ्यातूनच जातात. फ्रेंच हवामान खात्याचा रंगीत नकाशा रोज बघा. नारिंगी असेल तर सायकल आत, तुम्हीही आत.

एग्वालच्या माथ्यावर किल्ल्यासारखी दगडी वेधशाळा आहे, 1894 मधली. ज्या वनाधिकाऱ्यानं ती उभी करवली, त्या जॉर्ज फाब्रनंच हे उघडेबोडके झालेले डोंगर पुन्हा झाडांनी भरले. चढताना ज्या सावलीत तुम्ही धापा टाकाल ती त्याची. आम्ही पोचलो तेव्हा माथ्यावर धुकं, दहा पावलांवरची जाऊ दिसेना. समुद्र दिसतो म्हणतात. असेल.

एकूण खर्च आणि व्हिसा? — रत्नागिरी

विमान सोडून माणशी दिवसाला 70–75 युरो. त्यात सायकलवाले-पायी फिरणारे उतरतात त्या साध्या मुक्कामात पलंग, रात्रीचं जेवण आणि नाश्ता 50–60 चा. व्हिसा शेंगेन, फी 90 युरो, विमा किमान 30 हजार युरोंचा. विम्यात सायकल चालवणं धरलंय का ते लेखी विचारा. व्हालरोगला उतरताना डोंगरउतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या दिसतील, त्यात गोड कांदा लावतात. तुमच्याकडच्या लाल मातीतल्या माणसालाही कौतुक वाटेल इतके नेटके बांध. कांदा कच्चा खा, डोळ्यात पाणी येत नाही.

जाऊबाई परत येणार का तुमच्याबरोबर? — वाई

हा प्रश्न सात जणांनी विचारलाय. माझ्याबद्दल कुणी नाही.

पुढच्या मे महिन्याची तिकिटं तिनंच बघून ठेवलीत. सध्या रोज रात्री भांडी घासताना फोन लावून फ्रेंच शिकते. अजून एकच वाक्य पक्कं झालंय, पण ते ती झोपेतसुद्धा बरोबर म्हणते: "व्हू फेर्मे आ केल एर?" म्हणजे, तुम्ही किती वाजता बंद करता?